नाळकर सरांची वही

मिरजेच्या कॉमर्स कॉलेजात आंतरराष्ट्रीय लेखामानकं, म्हणजे हिशेब मांडायचे जगभरचे नियम, शिकवणारे नाळकर सर वीस वर्षं एकाच पिवळ्या पडलेल्या वहीतून शिकवत. मधल्या काळात भाडेकराराचं मानक पार बदललं. शाहीन तांबोळीनं पेपरात नवा नियम लिहिला, तर सरांनी त्यावर लाल काट मारली: ‘वहीत नाही!’

तोंडी परीक्षेला शाहीन आत गेली तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षक देवस्थळी बाई तिचा तोच पेपर चाळत होत्या. त्यांच्यासमोर सर गरजले, “फार शहाणी आहेस ना? मग जिच्या आयुष्याला मर्यादाच नाही, म्हणून हिशेबात दरवर्षी झीज धरून किंमत कमी करावी लागत नाही, अशी एक मालमत्ता सांग. याच खोलीतली हवी! नाही सांगता आली, तर नापास.”

खोलीत टेबल होतं, पंखा होता, खुर्च्या होत्या, सगळं झिजणारं. फिरता फिरता शाहीनची नजर सरांच्या काखेतल्या वहीवर पडली आणि तिचे डोळे लकाकले.

“सर, तुमच्या वहीतलं ज्ञान! वीस वर्षांत तुम्ही त्यात एका ओळीचीही झीज धरलेली नाही.”

सर खुलले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “शाबास! बघा बाई, कशी तयारी करून घेतलीय!”

“पण सर,” शाहीन अदबीनं म्हणाली, “अशा मालमत्तेची किंमत उतरली का, हे दरवर्षी तपासायलाच हवं, असंही मानक सांगतं.”

देवस्थळी बाईंनी हात पुढे केला.

“द्या इकडे, नाळकर सर. वीस वर्षांची तपासणी राहिलीय. भाडेकरारापासूनच सुरुवात करू.”