परत न येणारे रुग्ण

हृदयरोग विभागाचे प्रमुख डॉ. सबनीस यांना स्वतःचं कौतुक फार आवडे. दुसरं कोणी करत नसलं की ते स्वतःच करत. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर नीट उपचार होतात का, याची देशभरच्या इस्पितळांत तपासणी चालू होती. त्यासाठी आलेल्या डॉ. शर्वरी गावितांनी बैठकीत विचारलं, "घरी सोडलेल्या रुग्णांची पुढे चौकशी कोण करतं?"

सबनीस हसले. "अहो बाई, चौकशी हवी कशाला? आमच्याकडून घरी गेलेला रुग्ण सहसा परत येत नाही. याहून चांगल्या उपचारांचा पुरावा कोणता?"

त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी माना डोलावल्या.

गावित म्हणाल्या, "सर, स्मशानातूनही कोणी परत येत नाही. म्हणून काही तिथल्या उपचारांची कोणी वाहवा करत नाही."

बैठकीला बसलेल्या इस्पितळाच्या संचालकांनी तिथूनच घरी सोडलेल्या एका रुग्णाकडे फोन लावायला सांगितलं. त्याच्या बायकोने फोन उचलला. "ते गेले हो. पाय सुजले, धाप लागली. पुन्हा कधी यायचं, ते कोणी सांगितलंच नव्हतं."

त्या दिवसापासून पुढची तारीख दिल्याशिवाय कोणालाच घरी सोडत नाहीत. आता रुग्ण परत येतात, आपल्या पायांनी येतात. सबनीस मात्र गर्दी वाढल्याची तक्रार करतात.