तीन पिसांचा बाण

फार पूर्वी, नगरे वसण्याच्याही आधी, विंध्याच्या रानात कालक नावाचा नायक एका टोळीवर सत्ता चालवीत असताना बोधिसत्त्व त्या टोळीत भाले घडवणाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव वेणुक.

टोळीची एक रीत होती. शिकाऱ्याने हरणाचे कातडे पांघरून, डोक्याला शिंगे बांधून कळपात रांगत शिरायचे, जवळून भाला मारायचा आणि पडलेल्या जनावराचे डोळे आपल्या हाताने मिटायचे. त्याआधी मांसाला शिवायचे नाही. यात दर वर्षी एखादा माणूस शिंगांवर जाई. वेणुकाचा थोरला भाऊ रोहण याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्याच्या काळजीने वेणुकाने बोरूची हलकी काडी घेतली, टोकाला गारगोटी बसवली, शेपटाला गिधाडाची तीन पिसे बांधली आणि वाकवलेल्या बांबूच्या दोरीवरून ती सोडली. ती दोनशे पावले सरळ गेली.

कालक हसून म्हणाला, “आता माझी म्हातारीसुद्धा बसल्या जागी हरीण पाडील.”

रोहण मात्र हसला नाही. “एवढ्या लांबून त्याचे डोळे कोण मिटणार, वेण्या?” असे म्हणून त्याने पुन्हा कातडे पांघरले.

एके सकाळी कालकाला गवतात शिंगे हलताना दिसली. त्याने सोडलेला बाण अचूक लागला. सगळे आनंदाने धावत गेले, तर कातड्याखाली रोहण होता.

वेणुकाने त्याचे डोके मांडीवर घेतले. “जवळ आलास, बरं केलंस,” एवढेच रोहण बोलला. वेणुकाने त्याचे डोळे मिटले.

कालक महिनाभर धड जेवला नाही. पण पुढे नदीपलीकडच्या लोकांशी तंटा झाला, तेव्हा त्याने वेणुकाला, त्या एकट्यालाच येत असलेली पिसे बांधायची गाठ शिकवायला सांगितले. वेणुकाने नकार दिला आणि त्याला टोळी सोडावी लागली. कालकाने रोहणाच्या अंगातून काढलेला बाण जपून ठेवला होता. त्यावरचीच गाठ त्याने सोडवून पाहिली आणि तो ती बांधायला शिकला.

त्यानंतर वेणुक जन्मभर बाणांच्या मागे चालत राहिला. पडलेला माणूस असो वा हरीण, तो त्याच्याजवळ बसे आणि त्याचे डोळे मिटी. सर्वांपर्यंत तो कधीच पोहोचला नाही.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्त्याने समोरच्या भिक्षूकडे पाहिले. तो पूर्वी सैन्यात धनुर्धर होता आणि आपण किती जण मारले हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सकाळपासून रडत होता.

“तेव्हाचा कालक तू होतास. रोहण म्हणजे तुझ्याशेजारी बसलेला हा वृद्ध भिक्षू. वेणुक मीच.”

त्या धनुर्धर भिक्षूने विचारले, “भंते, बाण केला तीही करुणाच ना?”

शास्ता म्हणाला, “होती. पण ती लांबच थांबली. जवळ जाऊन बसते, ती करुणा धर.”

शेजारच्या वृद्धाने धनुर्धराचा हात हातात घेतला.