आडखोलच्या आंब्याचं सोयर

हा समोर दिसतोय तो आंबा. लांबूनच बघा. अहो टोपीवाले, ती कैरी खाली ठेवा! ती खाऊन माकडंसुद्धा तोंड वाकडं करतात, तुम्हाला तर अजून घाट उतरायचा आहे. वर बेचक्याखाली मातीने लिंपलेलं भोक दिसतं ना, मधे उभी चीर ठेवलेलं? आणि खाली मुळांशी ही ढोली, लहान पोर मावेल एवढी. होळीच्या सकाळी आमचं आडखोल गाव ढोल वाजवत, कुऱ्हाड घेऊन इथं येतं आणि झाड न तोडता परत जातं. पाहुणे हसतात. हसा. आम्हीही हसतो, पण घरी गेल्यावर.

पूर्वी गावात भिकू घाडी नावाचा माणूस होता, असं सांगतात. होळीच्या झाडावर पहिला घाव घालायचा मान त्याच्या घराकडे. अंगाने रेड्यासारखा, आणि दिवसाला चार शब्द बोलला तरी दमायचा. त्याची लेक आनशी. तिची सगळी दुपार या खालच्या ढोलीत जायची. शेकरू वरून तिच्या केसांत साली टाकायचं. उदमांजर फांदीवर झोपलेलं असायचं आणि त्याची शेपूट तेवढी लोंबायची. मुळातली धामण पायाजवळून सरकत गेली की आनशी श्वास कोंडून बसायची, आणि ती गेल्यावर मोठ्या माणसासारखी म्हणायची, "सावकाश जा गो."

पण तिचा खरा जीव वरच्या भोकात. तिथं धनेशाची जोडी यायची. आम्ही त्याला ककणेर म्हणतो. थंडी सरली की मादी आत शिरायची आणि दार लिंपून घ्यायची. चीर तेवढी उघडी. नर रानातून उंबरं आणून त्या चिरेतून भरवायचा. काही दिवसांनी चिरेतून लांब लांब पिसं खाली पडू लागायची. आनशीने ती गोळा केली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आतली आता उडू शकणार नाही.

त्या वर्षी होळीला झाड कुठलं तोडायचं म्हणून तातू गुरवाने देवीच्या मूर्तीला फुलांच्या कळ्या चिकटवून कौल लावला. एकेक झाड सांगत गेला, कळ्या जागच्या हलेनात. "देवळामागचा आंबट आंबा?" म्हणाला, तशी उजव्या खांद्यावरची कळी टपकन खाली. गाव खूश. त्या झाडासाठी रडणार कोण?

आनशी धावत सुटली. घरी जाऊन म्हणाली, "बाबा, त्या झाडात कुणीतरी राहतं."

"डोंगळे राहतात," भिकू म्हणाला, आणि कुऱ्हाडीला पाणी मारून दगडावर घासायला बसला.

मग ती तातूकडे गेली. तातू पान जुळवत होता. "देवीने कौल दिलाय गो बाय. आता काय देवीला सांगू, की भिकूच्या चेडवाला झाड आवडतं, शब्द मागे घे?" पोरगी तिथंच उभी राहिली. तेव्हा म्हातारा जरा नरमला. "दिलेला कौल फिरत नाही. मला फिरवता आला असता तर मी पहिली माझी बायको गप्प केली असती."

आनशी जेवली नाही. दगडावर कुऱ्हाडीची खसखस ऐकत पडून राहिली.

सकाळी ढोल निघाले. ती आडवाटेने धावत पुढे आली आणि ढोलीत शिरून बसली. आवाजाने शेकरू पळालं, उदमांजर शेंड्याला गेलं. नर ककणेर चोचीत उंबर धरून पलीकडच्या झाडावर बसला. माणसं बघून पुढे येईना. आनशी कधी त्याच्याकडे बघे, कधी वर चिरेकडे. 

भिकूने कुऱ्हाड उचलली. पण घाव घालण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकून पोकळ कुठं ते ऐकायची त्याच्या घराण्याची रीत. वर हात नेऊन त्याने ठोकलं. ठक्, ठक्. तो आवाज आनशीच्या छातीत वाजला, आणि आदल्या पावसाळ्यातलं तिचं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. आई बाळंत झालेली, दार लोटलेलं, जेवण आत दिलं जायचं, आणि बारसं होईपर्यंत बाबाला देवळाची पायरीसुद्धा चढू दिली नव्हती.

ती ढोलीतून बाहेर येऊन किंचाळली, "बाबा, आत बाळंतीण आहे!"

ढोल थांबले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. "झाड बाळंत झालं रे!" भिकू हसला नाही. त्याने पुन्हा ठोकलं. ठक्, ठक्. काहीच नाही. आनशीने डोळे मिटून घेतले. भिकूने कान खोडाला लावला, आणि तेवढ्यात वरून, आतून, आवाज परत आला. टक्. टक्.

मग ढोल थांबलेले बघून नर आला. त्याच्या पंखांचा वारा माणसांच्या पागोट्यांना लागला म्हणतात. त्याने उंबर चिरेत धरलं. आतून पिवळ्या चोचीचं टोक बाहेर आलं, उंबर घेतलं आणि आत गेलं. सगळ्या गावाने पाहिलं.

तातूने पान थुंकलं. "कौल खराच आहे," तो म्हणाला. "पण घरात सोयर आहे. सोयराचं लाकूड देवीला चालत नाही. फिटल्यावर बघू." आणि होळी? ती तातूच्याच परसातली पोफळ तोडून झाली. म्हातारीने त्याला शिमगा संपला तरी शिव्या दिल्या.

सोयर फिटेपर्यंत होळी कुठली उरते? पुढच्या वर्षी मादी पुन्हा आत. कौल तसाच उभा आहे. म्हणून आम्ही दरवर्षी ढोल लांब थांबवतो, भिकूच्या वंशातला कुणीतरी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकतो, आणि तेवढा वेळ गावाचा जीव टांगणीला. आवाज परत आला नाही तर सोयर नाही. सोयर नाही तर देवीचा शब्द मोडायची छाती कुणाची?

एका वर्षी ककणेर आलेच नाहीत. दार उघडं, आत अंधार. घाड्याने ठोकलं. शांतता. पुन्हा ठोकलं. बाया पदर तोंडाला लावून उभ्या. तेव्हा आवाज आला, टक् टक्, पण वरून नाही, या खालच्या ढोलीतून. मागोमाग खुदकन हसू. सगळे गुरवाकडे बघू लागले. तातूचा पणतू तो. चेहरा अगदी देवळातला. म्हणाला, "यंदा बाळसुद्धा झालेलं दिसतंय. चला, वाजवा ढोल."

दुसऱ्या वर्षी ककणेर परत आले. पण आजही होळीच्या सकाळी ढोल निघायच्या आधी गावातलं एक पोर घरातून नाहीसं होतं. कुठं गेलं, हे आई विचारत नाही. आणि ठोकताना या ढोलीकडे गावातलं कुणीच बघत नाही. तुम्ही आलात तर तुम्हीही बघू नका, टोपीवाले. वर बघा.