मोरीची कामटी

फार मागची गोष्ट. तेव्हा लाकूडफाटाही बोलायचा. मोरी नावाची शेळी कड्यावरून पडली आणि तिचा पुढचा पाय मोडला. मालकिणीने पायाला बांबूची कामटी लावून वर चिंधी बांधली.

पाय सांधला, तरी मोरी गोठ्यातून हलेना. तिचं करडू रोज दारात ओरडायचं, "आये, डोंगरावर चल की."

मोरी कामटीला म्हणायची, "बाई, तू आहेस म्हणून उभी तरी आहे. तू सुटलीस की मी पडलेच."

एके सकाळी करडू कंटाळून एकटंच कड्याकडे निघालं. मोरी जागेवरूनच त्याला हाका मारत राहिली.

कामटी खेकसली, "अगं येडे, खाली बघ. बसल्या बसल्या चिंधी तूच कुरतडून खाल्लीस. चार दिवस मी एका धाग्यावर लोंबतेय. तुला कोण धरून उभं आहे?"

मोरीने पाहिलं. "मग आधी का नाही बोललीस?"

"भीत होतीस, म्हणून टेकून राहिले. आता पोर चाललंय. जा."

मोरी लंगडत निघाली. दारातच धागा तुटला आणि कामटी खाली पडली. मोरी नाही पडली.

संध्याकाळी ती करडाला घेऊन परतली. शेळीच ती, गोठ्यात दिसेल ते खायची. त्या कामटीला मात्र तिने कधी तोंड लावलं नाही.