कोतवालाच्या फेऱ्या

या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा. नाही जमायचं. मनात धरलाय ना एक? राहू दे तिथंच. आता गप ऐका.

एक रान होतं. उन्हाळ्यात तिथं पाणी दोनच ठिकाणी. एक खाली नदीत, तिथं मगर. दुसरं टेकडीवरच्या टाक्यात. ज्यांचं दुखणं जन्माला चिकटलंय, ज्यांना मगरीपुढून पळणं जमत नाही, त्यांच्यासाठी ते टाकं राखून ठेवलेलं. राखणीला एक म्हातारं कासव. नियम एवढाच, की पळसाची फुलं झाडावर आहेत तोवर वर यायचं आणि आपलं दुखणं आपल्या तोंडानं कासवाला सांगायचं. फुलं झडली की त्या साली नवं कुणी घ्यायचं नाही.

रानात तांबू नावाची भेकरी होती, कुत्र्यासारखी भुंकणारी हरणी. तिचे गुडघे धरलेले. एखादा दिवस बरा जायचा, मग आठवडाभर उठवायचं नाही. यंदा नदी तिला झेपणार नव्हती, म्हणून ती टाक्याकडं निघाली.

टेकडीच्या पायथ्याला बाभळीवर कोतवाल पक्षी बसला होता. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन टोकं, आणि दुसऱ्याचा आवाज काढण्यात पटाईत. खर्जातल्या आवाजात म्हणाला, "कुठं निघालीस, तांबूताई?"

"अगंबाई, कासवआजोबा! तुम्ही झाडावर?"

"आजोबांचाच माणूस समज मला. आवाज ओळखीचा वाटतो ना? अशी तडक वर गेलीस तर हाकलून देतील. आधी या माळाला फेऱ्या घालायच्या. किती, ते मी सांगीन. मला काही नको हो तुझ्याकडून. पाठीवर बसू दे, झालं."

तांबू फेऱ्या घालू लागली. तिच्या पायांनी गवत हलायचं, गवतातून नाकतोडे उडायचे. कोतवाल झेप घ्यायचा, गट्टम करायचा, परत पाठीवर येऊन बसायचा.

"देव भलं करो तुमचं," तांबू धापा टाकत म्हणायची. "माझ्यासाठी एवढ्या उन्हात थांबता."

"असू दे गं. अजून थोड्या."

दिवस गेले. कोतवाल गुबगुबीत झाला. तांबूचा उजवा गुडघा कवठाएवढा सुजला. पळसाची फुलं झडत चालली.

एक दिवस साळू मावशी कंदमुळं उकरायला खाली आली. ही साळिंदर, दमेकरी, टाक्याचंच पाणी पिणारी. तांबूला बघून हसायलाच लागली.

"काय गं, त्या माळाशी लग्न लावलंस का? फेरे कसले घेतेस?"

"आजोबांचा नियम आहे, मावशी."

"कुठल्या आजोबांचा? मी एवढी सालं पिते ते पाणी, एक फेरी नाही घातली. बस बघू जरा खाली."

तांबू बसली. गवत हलायचं थांबलं. नाकतोडे थांबले. पाठीवर कोतवालाची चुळबुळ सुरू झाली.

"ऊठ, ऊठ! थोडक्यासाठी सगळं घालवशील!" आवाज कासवाचा होता, भूक कोतवालाची.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "तू चालतेस तेव्हाच हा जेवतो, बाई."

तांबूला रडू फुटलं. पळसाच्या शेंड्याला चारदोन फुलं उरली होती आणि पाय तर उचलेना. मावशीनं तिच्या मागं जाऊन तिच्याकडं पाठ केली, काटे उभारले आणि म्हणाली, "चढतेस का टोचू?" सगळी टेकडी मावशी उलट्या पावलांनी, घरघरत चढली. तांबूला थांबायची सोयच नव्हती.

कासवानं मान बाहेर काढली. "कशी आहेस, पोरी?"

"बरी आहे," तांबू म्हणाली.

रानाची रीतच तशी. कुणी विचारलं की बरं आहे म्हणायचं, मग जीव जात का असेना.

"बरी आहेस तर नदी आहे की," म्हणून कासव मान आत घ्यायला लागलं.

मावशीनं काटे खुळखुळवले. "अगं, मगाशी रडत होतीस ना? आजोबा काय पाव्हणे आहेत? खरं सांग त्यांना!"

मग तांबूनं सांगितलं. सकाळी उठवत नाही. आज चालते, उद्याचं ठाऊक नाही. नदीवर गेले तर परत यायची नाही. सांगताना तिनं मान खाली घातली होती. कासव शेवटपर्यंत ऐकत राहिलं.

"पी," ते म्हणालं.

तांबू आता रोज सकाळी आधी मावशीच्या पाया पडायला बघते. मावशी म्हणते, "लांब हो, काटे लागतील." मग तांबू कड्यावर जाते आणि खाली माळाकडं तोंड करून जिवाच्या आकांतानं भुंकते. माळावर एक लंगडा ससा गोल गोल फिरत असतो, पाठीवर काळा पक्षी. भुंकणं ऐकून ससा थांबतो, वर बघतो.

ऊन चढलं की सगळे आजारी टाक्याच्या काठाला गुडघे टेकून पाणी पितात. तांबूचा उजवा गुडघा त्या फेऱ्यांनी कायमचा आखडला. तो वाकत नाही. मावशी वडाचं पान दुमडते, पाणी भरते आणि तिच्या तोंडाला लावते. तांबू उभ्यानंच पिते.