ठिपक्यांचा वाल

पूर्वी सुरभीपुरात राजा जयंधर राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या एका माळ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव सोमिल. आईवडील गेल्यावर तो आणि धाकटी बहीण भद्रिका असे दोघेच मळ्यात राहत. भद्रिका हळव्या मनाची, पाचोळा वाजला तरी दचकणारी.

आई जाताना तिच्या ओटीत वालाचे बियाणे घालून गेली होती. तांबूस ठिपक्यांचा तो वाल दुसऱ्या कुणाच्या मळ्यात नव्हता. त्या माळ्यांची रीत अशी, की आईकडून आलेले बी लेकीने पहिल्यांदा पेरायचे ते सगळेच पेरायचे. मागे राखून ठेवणे म्हणजे आईच्या हातावर विश्वास नसल्यासारखे. भद्रिकेने तसेच केले. वाफाभर कोंब वर आले. ही रोपे गेली तर आईचा वालही गेला, हे दोघांना ठाऊक होते.

आणि मग गोगलगायी आल्या. शंखाच्या आल्या, बिनशंखाच्याही आल्या. सकाळी पाहावे तर कोवळ्या पानांच्या जागी नुसते देठ, आणि मातीवर चकाकणारे चिकट माग.

सोमिलाने वाफ्याभोवती राख पसरली. थोडे दूर कोहळ्याच्या साली टाकून त्यांवर ओले गोणपाट झाकले. सालींच्या वासाने गोगलगायी तिथे जमत. सकाळी तो त्या हलक्या हाताने टोपलीत वेची आणि ओढ्यापलीकडच्या दलदलीत सोडून येई. तरी रोज एखादे रोप जाईच. तो म्हणे, देठ जरा जून होऊ दे, मग त्या तोंड लावणार नाहीत. भद्रिकेला मात्र धीर निघत नसे. घडीघडी जाऊन ती वाफ्याशी बसे.

एके दिवशी सोमिल भाजी घेऊन नगरात निघाला. आज नको जाऊस, असे ती म्हणाली होती. पण भाजी सुकून गेली असती, म्हणून तो गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

दुपारी मिठाचे बैल हाकणारा कालसेन पाणी प्यायला मळ्यात थांबला.

"तुझा दादा गोगलगायींना टोपलीत बसवून माहेरी पोचवतो म्हणे," तो हसत म्हणाला. "ओटीही भरतो की काय?"

भद्रिकेला हसू आले नाही. तिचे डोळे भरलेले पाहून त्याने गोणीत हात घातला. "हे मीठ घे बाई. रोपांभोवती टाक. उद्या एक जरी चालताना दिसली तर मला सांग."

दिवस मावळताना तिने प्रत्येक रोपाभोवती मीठ टाकले.

पहाटे वाफ्यात गोगलगायी फेसाने माखून वळवळत होत्या. मरायला इतका वेळ लागतो, हे तिने कधी पाहिले नव्हते. ती इतकी घाबरली की मीठ धुऊन निघावे म्हणून तिने पाटाचे पाणी वाफ्यात सोडून दिले. गोगलगायी वाचल्या नाहीत. मीठ तेवढे पाण्याबरोबर मुळांपर्यंत उतरले.

सोमिल आला. त्याने चिमूटभर माती जिभेला लावून पाहिली आणि तिथेच खाली बसला. मग दोघांनी रोपे उपटून ताज्या मातीत लावली. पाने कडांनी पिवळी पडली, आणि एकेक करून सगळी रोपे आडवी झाली.

"दादा, बोल ना मला काहीतरी," भद्रिका म्हणाली.

बोधिसत्त्व म्हणाला, "गोगलगायींना भूक होती, त्यांच्यासाठी मी साली ठेवल्या. तुला भीती वाटत होती. तुझ्यापाशी मी थांबायला हवं होतं, भद्रे. भाजी काय, पुन्हा आली असती."

त्यानंतर ती 'थांब' म्हणाली की तो थांबे. शेजाऱ्यांनी दिलेला वाल त्यांनी पेरला. संध्याकाळी भद्रिका स्वतः साली टाकी आणि सकाळी दादाबरोबर टोपली घेऊन ओढ्यापलीकडे जाई. वाल भरघोस आला. पण शेंगा सोलताना ती प्रत्येक दाणा उलटून पाही. सगळे पांढरे असत.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे धर्म शिकवणारे भगवान, म्हणाले, "त्या जन्मी मीठ देणारा कालसेन म्हणजे आज न विचारता सल्ला देणारा उपासक धनिक. भद्रिका म्हणजे पाऊल टाकण्याआधी जमीन निरखणारी ही भिक्खुणी सुजाणा. आणि सोमिल मीच होतो." मग त्यांनी त्या जन्मी आचरलेल्या पारमितेचे, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या सद्गुणाचे, नाव सांगितले. ती क्षांती, म्हणजे सहनशीलता होय.