पिवळे कपाळ

ढग जिथे झाडांच्या बुंध्याशी लोळतात, अशा एका उंच डोंगरावरच्या जंगलात फार पूर्वी दोन जातींचे गुंजनपक्षी राहत. अंगठ्याएवढे जीव, हवेत जागच्या जागी थरथरत फुलांतला रस पिणारे. एका जातीची चोच लांब, दुसरीची आखूड.

त्या जंगलातल्या वेलींना लांब नळीची तांबडी फुले येत. लांबचोची पहाटेपासून वेलीमागून वेल फिरे आणि फुलाच्या तोंडातून चोच आत घाली. तेव्हा तिच्या कपाळाला पराग लागत. ते ती फुलाफुलाला पोचवी, म्हणून वेलींना फळ धरे. कपाळ मात्र कायम पिवळे, माखलेले.

आखूडचोच्याची चोच रसापर्यंत पोचत नसे. तो फुलाच्या बुडालाच भोक पाडी आणि रस ओढून घेई. ना पराग, ना कष्ट. कपाळ लख्ख!

एका वर्षी कडाक्याच्या हिमाने अर्धे रान जाळले. वेली थोड्या उरल्या. दोघांपैकी एकानेच राहावे, असे ठरले. निवाड्याला पोपट बसला. तो स्वतः याच वेलींच्या बियांवर जगे.

"हिला तोंड धुवायची अक्कल नाही," पोपट म्हणाला, "आणि हा बघा, केवढा टापटीप! शिवाय हिचं एक फूल होईतो याची चार होतात."

सुतार पक्षी पुढे झाला. "पोपटराव, आधी फुलांची बुडं तपासा. भोकं मला शिकवू नका, जन्म त्यातच गेलाय माझा. हा चोर आहे!"

पोपट जागचा हलला नाही. त्याने मुंग्यांना विचारले. भोकांतून गळणारा रस त्या रोज चाटत.

"आम्ही बाई काही पाहिलं नाही," मुंग्या म्हणाल्या. मधमाश्यांनी नुसतेच पंख झाडले. रसात त्यांचाही वाटा होता.

"झालं तर मग! लांबचोचे, दुपारच्या आत डोंगर सोड."

"दादा, घरट्यात दोन पिल्लं आहेत. त्यांना पंख फुटेपर्यंत तरी थांबू द्या."

"नियम म्हणजे नियम."

आखूडचोच्याने भावकी गोळा केली आणि तिला टोचून टोचून खिंडीपार हाकलले. पिल्ले गारठून मेली. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. एका सुतार पक्ष्याशिवाय त्या दिवशी तिच्या बाजूने कोणीही तोंड उघडले नव्हते.

फुले फुलली. आखूडचोच्याने पोटभर ढोसले. फुले गळाली, आणि एकाही वेलीला फळ धरले नाही. फळ नाही, तर बी कुठले?

उपाशी पोपट खिंड ओलांडून गेला. लांबचोची तिथे दुसऱ्या वेलीवर कामात होती, कपाळ पिवळेच.

"ताई, झालं गेलं विसर. परत ये. तुझं कपाळ काय शोभतंय!"

तिने फुलातून चोच काढली. "माझी दोन पिल्लं घेऊन या, मग येते."

पोपट मान खाली घालून परतला. वाळलेल्या वेलीवर त्याला मुंग्यांची उपाशी रांग दिसली. त्याने काही विचारायच्या आतच मुंग्या म्हणाल्या, "आम्ही बाई काही पाहिलं नाही."

तात्पर्य: चोर एकटा कधीच रान लुटत नाही. लख्ख कपाळाला भुलणारे आणि गळलेला रस चाटून गप्प बसणारे त्याच्या जोडीला असतात.